तात्यांविषयी काय लिहू?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गेल्या मार्गशीर्षात गेले. कोरडवाहू शेती, दोन म्हशी आणि गळ्यात तुळशीची माळ. तरुणपणी घातलेली माळ शेवटपर्यंत सांभाळली. आळंदी ते पंढरपूर पायी वारी, महिन्याच्या दोन्ही एकादशी, रोजचा हरिपाठ, गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा. येत्या वर्षश्राद्धाला भाऊ छोटी स्मरणिका काढतोय. मुख्य लेख माझ्याकडे आलाय, कारण घरात शिकलेली मी. पण लिहायला बसलं की 'अत्यंत धार्मिक, प्रेमळ, कष्टाळू, सात्त्विक वृत्तीचे' असलंच काहीतरी उतरतं, पेपरातल्या निधनवार्तेसारखं. मसुदा सोबत पाठवतेय.

आणखी दोन अडचणी आहेत. माझा देवावर तात्यांसारखा विश्वास नाही, मग त्यांच्या भक्तीविषयी मी लिहिणं खोटं होईल का? दुसरी सांगायलाच जड जातं. ऐन पेरणीच्या दिवसांत ते वारीला निघून जायचे आणि सगळं आईवर पडायचं. त्याचा राग लहानपणापासून मनात आहे, अजून गेला नाही. तो लेखात यावा का? भाऊ म्हणतो, गेलेल्या माणसाचं वाईट लिहू नये. टाळेबंदीच्या वर्षी वारी बंद होती तेव्हा तात्या रोज संध्याकाळी टाळ घेऊन अंगणात तुळशीभोवती चालायचे आणि 'आज माउली तरडगावला असती' असं सांगायचे. तेवढं एक चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.
— एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : ताई, मसुदा वाचला. त्यात खोटं काहीच नाही. तात्या धार्मिक होते, प्रेमळ होते, कष्टाळू होते, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. पण तात्यांचं नाव काढून त्यांच्या दिंडीतल्या दुसऱ्या कुणाचं नाव तिथं घातलं तरी मसुदा तसाच चालेल, आणि तुम्हाला टोचतंय ते हेच. पत्राच्या शेवटी जाता जाता जे लिहिलंत ते मात्र दुसऱ्या कुणाच्या वडिलांना लागू होणार नाही. लेख तिथूनच सुरू करा.

साल घाला. २०२० मध्ये पायी सोहळा झाला नाही, पादुका आषाढ शुद्ध दशमीला एसटीने पंढरपूरला गेल्या, पुढच्या वर्षीही पायी वारी झाली नाही. आज आपल्याला हे पाठ आहे, पण तुमच्या नातवंडांना सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मग अंगणात या. वृंदावन कुठल्या बाजूला होतं? तात्या अनवाणी चालायचे की चपला घालून? टाळ वाजवायचे की नुसते हातात धरायचे? लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर हे मुक्काम ते पंचांग बघून सांगायचे की तोंडपाठ होते? पालखी तुमच्याच तालुक्यातून जाते. एरवी त्या दिवसांत रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते आणि त्या वर्षी रस्ता रिकामा होता. तात्या रस्त्यापर्यंत जाऊन आले का? आईला विचारा, नसेल आठवत तर शेजाऱ्यांना विचारा. माळ, बुक्का, एकादशी हे गावाला दिसतं. अंगणातली वारी तुम्हा घरच्यांनीच पाहिली आहे. ती तुम्ही लिहिली नाहीत तर दुसरं कुणी लिहिणार नाही.

माझ्या वडिलांचं थोडं सांगते, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. ते शिंपी होते आणि वारकरी होते. शिंप्याचा हंगाम जूनमध्ये. शाळा उघडतात, गणवेशांचे ढीग पडतात, वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्या दिवसांत हाती येतो. आणि नेमकी ज्येष्ठ वद्यात आळंदीहून पालखी निघते. म्हणून ते चैत्रापासूनच मापं घ्यायला लागत. आयाबायांना सांगत, पोराचं माप आत्ताच द्या, दोन बोटं वाढवून ठेवतो. मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत मशीन चालू असे. माळ सदऱ्याच्या आत टाकून वरचं बटण लावलेलं असायचं, खाली वाकल्यावर ती मशीनच्या चाकात अडकू नये म्हणून. कितीही उकडलं तरी ते बटण सुटायचं नाही. हे सगळं मी रोज बघत होते.

बघितलं नव्हतं ते दुसरंच. दुकानात काज-बटणाचं काम करणाऱ्या एक मावशी होत्या. वडील गेल्यावर त्या भेटायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, वारीला निघायच्या आदल्या दिवशी मास्तर मला त्या महिन्याची मजुरी हातावर ठेवून जायचे, काम असो-नसो. दुकान बंद राहणार, मग यांची चूल कशी चालायची, हा विचार. आमच्या घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं, आईलासुद्धा नाही. वडिलांच्या भक्तीविषयी मी पुढे जे काही लिहिलं ते या मजुरीपासून लिहिलं. मावशी त्या दिवशी आल्या नसत्या तर ही गोष्ट त्यांच्याबरोबरच गेली असती.

तेव्हा आधी माणसं गाठा. मराठीत ही रीत फार जुनी आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट त्यांच्या सहवासातल्या माणसांना भेटत, विचारत हिंडले, मिळालेल्या आठवणी नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि त्यांतून लीळाचरित्र उभं राहिलं. स्वामी कुठे उतरले, कुणाला काय म्हणाले, इतक्या बारक्या गोष्टी त्यात आहेत. पुढे त्याचे वेगवेगळे पाठही परंपरेने जपले. तुम्हालाही एकाच प्रसंगाच्या दोन तऱ्हा ऐकायला मिळतील. चुलते एक सांगतील, आत्या दुसरं सांगेल. भांडण मिटवत बसू नका. कोण काय म्हणालं ते नावानिशी लिहा.

कुणाला विचारायचं? दिंडीत तात्यांशेजारी टाळ घेऊन कोण चालायचं, पालात त्यांच्या बाजूला वळकटी कुणाची असायची, ते आधी शोधा. वीसेक दिवस रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाला जे कळतं ते सख्ख्या भावाला कळत नाही. दिंडीच्या सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हर. भिशीचा हिशेब ठेवणारा. म्हशीचं दूध जिथं घालायचे तिथला माणूस. आणि ज्याच्याशी कधीतरी वाजलं होतं तो, बांधाला बांध असलेला शेजारी. 'तात्या कसे होते?' असं विचारू नका. या प्रश्नाला 'देवमाणूस होते हो' एवढंच उत्तर येतं आणि डोळे पुसले जातात. विचारायचं ते असं : चालताना पाय सुजले की तात्या काय करायचे? तुमचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं कशावरून झालं? त्यांनी तुमच्याकडे कधी काही मागितलं का? ते कधी कुणावर चिडलेले पाहिलेत? या शेवटच्या प्रश्नावर लोक आधी हसतात, मग खूप बोलतात.

वीणेच्या पहाऱ्याचा तुम्ही नुसता उल्लेख केलाय, तो मला सोडवत नाही. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, गावातली माणसं पाळीपाळीने ती गळ्यात घेऊन उभी राहतात. संध्याकाळचा पहारा सगळ्यांना हवा असतो, कारण देवळात माणसं असतात. रात्री दोनपासून चारपर्यंतचा कुणाला नको असतो. तात्या कुठला घ्यायचे? पहाऱ्यांची यादी देवळाच्या भिंतीला लावतात, एखाद्या वर्षाची यादी पुजाऱ्याकडे किंवा मंडळाच्या वहीत असेल. रात्रीचा पहारा करून आलेला माणूस पहाटे म्हशीची धार काढायला बसत असेल, तर तेवढं लिहा. त्याच्यापुढे 'कष्टाळू' लिहायची गरज उरत नाही.

आता पेरणी. इथं मी तुमच्या भावाच्या नाही, तुमच्या बाजूची आहे.

पाऊस मृगात वेळेवर पडला तर शेतकरी वारकरी पेरून निघतो. लांबला तर पेरणी मागे राहते, आणि तुमच्या तालुक्यातल्या कोरडवाहू पट्ट्यात तो किती वेळा लांबतो ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. मागे राहिलेली पेरणी घरातली बाई करते. तेव्हा आईला नीट बसवून विचारा. तात्या नसताना पाभर कुणी धरली? बैल कुणाचे आणले? सावडीने, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या बोलीवर, आणले असतील तर ती सावड पुढे कुणी फेडली, आल्यावर तात्यांनी की आईने? चाड्यावर मूठ कुणाची होती? बियाण्याला पैसे ठेवून गेले होते का? तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होता आणि कुठं उभ्या होता? हे सगळं लेखात आलं पाहिजे. तात्यांची वारी ज्या घराने उचलून धरली त्या घराचाही हा लेख आहे.

मात्र तुमचा राग आणि आईचा राग एकच आहे असं धरून चालू नका. अशाच एका घरी मी मदतीला गेले होते. मुलाची खात्री होती की आई वारीवर रागावलेली असायची ती शेतीच्या कामावरून. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, कामाचं काही नाही, काम मला होतंच. वारीहून आले की सगळा गाव त्यांच्या पाया पडायचा, आणि पाय धुवायला पाण्याची घागर घेऊन मी मागे उभी असायची. तेव्हा यायचा राग. मुलाने ते जसंच्या तसं लिहिलं. पुण्यस्मरणाला कीर्तनाआधी वाचलं तेव्हा त्या माउली पुढेच बसल्या होत्या, आणि ऐकणाऱ्यांतल्या कुणालाही त्या गेलेल्या माणसाचा अपमान झाला असं वाटलं नाही. आजवर मी जितक्या स्मरणिका वाचल्या त्यांतलं इतकं खरं पान दुसरं आठवत नाही.

भावाला एवढं दाखवा. तुकोबांच्या घरचं वारकऱ्यांनी कधी झाकून ठेवलं नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. दुसऱ्या पत्नीचा, जिजाईंचा, संताप तर साडेतीनशे वर्षं कीर्तनांतून सांगितला जातोय. त्याने तुकोबांना कुणी उणं मानलं नाही. कीर्तनात कधी कधी जिजाईंना हसण्यावारी नेतात ते मात्र मला खपत नाही. घरात दाणा नसताना लेकरं सांभाळणारी बाई होती ती. तिच्या तोंडी जे आलं ते भुकेपोटी आलं. तुमच्या आईला लेखात कुणी हसणार नाही अशा रीतीने लिहा, एवढी काळजी घेतलीत की पुरे.

जे लिहायचं नाही तेही सांगते. जमिनीच्या वाटण्या, भावकीतले अजून न मिटलेले वाद, कुणाच्या सुनेबद्दल तात्या एकदा काय बोलले होते, हे छापायचं नाही. त्याने तात्या अधिक कळत नाहीत आणि मागे राहिलेल्यांना त्रास होतो.

तुमच्या विश्वासाचा प्रश्न मला तुम्हाला वाटतो तेवढा अवघड वाटत नाही. लेखात तुमच्या श्रद्धेची परीक्षा नाही. श्रद्धा तात्यांची होती, तुम्ही पाहिलेल्या आहात. पहाटे ते उठायचे, आंघोळ करून गोपीचंदन लावायचे, हरिपाठ म्हणताना कुठल्यातरी अभंगाशी आवाज बदलायचा, हे तुम्ही ऐकलं आहे. ते लिहायला तुमचा स्वतःचा देव लागत नाही. उलट, भाविक माणूस लिहायला बसला की त्याला पुष्कळ गोष्टी सांगायच्या सुचतच नाहीत, कारण त्या त्याला रोजच्याच असतात. तुम्ही थोड्या बाजूला उभ्या होता, म्हणून तुम्हाला दिसल्या. 'पांडुरंगाने त्यांना बोलावून घेतलं' हे वाक्य मात्र तुमच्या मनाला पटत नसेल तर लिहू नका. भावाला पटतं ना? मग ते त्याच्या नावाने त्याच्या मनोगतात येऊ द्या. एकाच स्मरणिकेत दोन्ही सुखाने नांदतील. आणि तुमच्या अविश्वासाबद्दल तात्या तुमच्याशी कधी काही बोलले असतील, वाद घातला असेल किंवा मुद्दाम घातला नसेल, तर तो प्रसंग अवश्य घ्या. वारकरी बापाने न मानणाऱ्या लेकीला कसं वागवलं, यातून त्या बापाची भक्ती जितकी कळते तितकी चाळीस वाऱ्यांच्या आकड्याने कळणार नाही.

तारखांचं थोडक्यात. मसुद्यात तात्यांची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेली माणसं गावोगाव आहेत, तेव्हा ती खरी धरून वाढदिवस छापू नका. आत्या हयात असेल तर तिला विचारा, जन्माच्या वेळी कुठला सण होता, शेतात काय उभं होतं. पुढचा काळ बांधायला मोठ्या घटना धरा : १९६७च्या डिसेंबरातला कोयनेचा भूकंप, १९७२चा दुष्काळ. बहात्तरात तात्या ऐन विशीत असणार. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते का? मिळणारी सुकडी, मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी, यांची गोष्ट त्यांनी सांगितली असेलच. माळ त्याच्या आधी घातली की नंतर? माझा अंदाज नंतर असा आहे, पण तो नुसता अंदाज आहे, विचारून घ्या.

आणि शेवटचा आजार दोन ओळींत संपवा. बहुतेक स्मरणिकांत अर्ध्याहून जास्त जागा दवाखान्याला गेलेली असते. साहजिक आहे, ते दिवस ताजे असतात. पण तात्या सत्तर वर्षं जगले आणि थोडे दिवस आजारी होते. जागा त्या हिशेबाने वाटा.

प्रश्न : वडील पोस्टमन होते. निवृत्तीनंतर त्यांनी अभंग स्वतःच्या हाताने वह्यांत उतरवून काढले. मधूनमधून घरखर्चाचे हिशेबही आहेत. वह्या जीर्ण झाल्या आहेत. घरातली मोठी माणसं म्हणतात, देवाचं लिहिलेलं आहे, रद्दीत घालता येत नाही, गोदावरीत सोडून द्या. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सोडू नका. रद्दीत घालायचं नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण नदीचा कागदाला आणि कागदाचा नदीला काहीच उपयोग नाही.

आधी टाचण्या आणि स्टेपलच्या तारा हलक्या हाताने काढा, गंजून त्या कागद खातात. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि शाईसकट पान घेऊन निघते. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. ओल असेल तर पानं सावलीत वाऱ्यावर वाळू द्या, उन्हात नको. मग खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कोरी पानंसुद्धा क्रमाने, आणि ते सगळ्या भावंडांकडे ठेवा. वह्या धुतलेल्या सुती कापडात बांधून बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात ठेवा.

हिशेब वगळून नुसते अभंग जपण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. छापील गाथा दुकानात मिळते. तुमच्या वडिलांनी कुठला अभंग आधी उतरवला, कुठल्या पानावर शाई बदलली, अभंगाच्या खाली त्याच दिवशी गॅसच्या सिलिंडरचे आणि तुमच्या फीचे पैसे कसे मांडले, हे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. एकाच पानावर देव आणि संसार असा शेजारी मांडलेला मला फार मोलाचा वाटतो. नाथ पैठणात संसार करूनच भक्ती करत होते, आणि तुमच्या वडिलांच्या वहीत तेच दिसतंय.

तुम्ही नाशिकलाच आहात म्हणून आणखी एक. तिथल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की त्या काढून दाखवतात. वडील किंवा आजोबा कधी विधीसाठी गेले असतील तर त्यांची नोंद, कधी कधी सहीसुद्धा, सापडते. वडिलांचं अक्षर तुम्हाला ओळखू येईलच.

प्रश्न : सासऱ्यांच्या पुण्यस्मरणाला कीर्तनाआधी दहा मिनिटं बोलायला मला सांगितलंय. त्यांच्याविषयी पुष्कळ सांगायचं आहे, पण बोलायला लागले की रडू फुटतं. कागदावर लिहून वाचू का? मोठ्या मुलाला बरोबर घेऊ का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : लिहूनच वाचा. दहा मिनिटांत हजारेक शब्द होतात, तुम्ही सातशेच लिहा, कारण मध्ये थांबावं लागणार आहे आणि त्या थांबण्याला वेळ ठेवायला हवा. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला. ज्या प्रसंगाशी गळा दाटतो तो शेवटी ठेवू नका, मधे घ्या, म्हणजे त्याच्या पुढे सांगायला काहीतरी उरतं आणि आवाज परत येतो. समोर बसलेल्यांपैकी ज्यांचा उल्लेख आहे त्यांची नावं घ्या. माणसं आपलं नाव ऐकायला थांबलेली असतात, आणि 'सासऱ्यांनी अनेकांना मदत केली' यापेक्षा कुणाला केली ते ऐकायचं असतं.

कीर्तनकार महाराजांना आदल्या दिवशी एक-दोन प्रसंग सांगून ठेवा. ते निरूपणात घेतील, मग तेच तुम्ही सांगायची गरज नाही. मुलाला जरूर उभं करा आणि कागदाची दुसरी प्रत त्याच्याकडे द्या. तुम्ही थांबलात तर तिथून पुढे त्याने वाचायचं, हे आधी ठरवून ठेवा. आणि सासूबाईंना हे सगळं घरी एकदा वाचून दाखवा. सगळ्या गावासमोर त्यांनी ते पहिल्यांदा ऐकणं बरं नाही, आणि एखादी गोष्ट चुकली असेल तर त्या तिथल्या तिथे सांगतील.